दुष्काळात तेरावा महिना

नमस्कार मंडळी. आज एका अर्धवट राहिलेल्या कामाबद्दल बोलणारे, आणि काम म्हणजे काय तर चित्रं. मी साताऱ्याला शाळेत ड्रॉइंग शिकवते. २०१५ च्या पाडव्याला माझ्या डोक्यात आलं की वाईजवळच्या मेणवलीचा घाट दर मराठी महिन्यात एकदा, एकाच जागी बसून, वॉटरकलरमध्ये काढायचा. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्यामागे कृष्णेवरचा तो चंद्रकोरीसारखा घाट, आणि चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा, तुमच्यातले बरेच जण बघून आले असतील, नसाल तर कुठल्या ना कुठल्या हिंदी सिनेमात तरी बघितलाच असेल. मी समोरच्या काठावर बसायचे.

बारा महिने बारा चित्रं असा सरळ हिशोब, पण त्या वर्षी निघाला अधिक आषाढ, म्हणजे तेरा. घरी यजमान म्हणाले, दुष्काळात तेरावा महिना. तेव्हा हसलो आम्ही. जूनमध्ये पाऊस बरा झाला होता हो, पण जुलैत त्याने जी दडी मारली ती मारलीच, पुढं मराठवाड्यात काय झालं ते तुम्हाला आठवतच असेल, लातूरला रेल्वेनं पाणी न्यायची वेळ आली.

तर चैत्र झाला, वैशाख, ज्येष्ठ, दोन आषाढ आणि श्रावण, सहा चित्रं झाली आणि गाडी थांबली. का थांबली विचारलं की मी दहा वर्षं एकच सांगत आले, सासूबाईंचं आजारपण, मुलाची दहावी, मग कोविड. सगळं खरंच आहे ते. पण भाद्रपदात यातलं काहीच झालं नव्हतं आणि तरी मी गेले नव्हते.

यंदा, २०२५ मध्ये, मेच्या सुट्टीत माळ्यावरून तो पोर्टफोलिओ काढला आणि सहाही चित्रं हॉलमध्ये फरशीवर मांडली. म्हणजे पाचच, चैत्राचं फ्रेम करून भिंतीवर होतं, ते खाली उतरवलं. त्यात काठावरच्या कुसुंबाला नवी पालवी फुटलेली आहे, लालभडक असते ती, आणि मी ती अलिझरिन क्रिमझन या लाल रंगाच्या पातळ वॉशमध्ये, म्हणजे भरपूर पाणी घालून पसरलेल्या थरात, काढलेली. हा रंग उजेडात टिकत नाही हे मी स्वतः पोरांना शिकवते, आणि माझ्याच घरात भिंतीवर दहा वर्षांत त्या पालवीचा पार उतरलेला चहा झाला होता. फ्रेमच्या कडेखाली झाकलेली बोटभर पट्टी तेवढी अजून लाल.

पण मला खरा धक्का बसला तो श्रावणाने. चित्र सुंदर आहे बरं का, उगाच कशाला खोटं बोलू. पांडवगडाचा हिरवागार डोंगर, ऊन-पावसाची सर, तुडुंब नदी. आणि २०१५ च्या श्रावणात यातलं काहीही नव्हतं! मी त्या दिवशी तिथं दोन तास बसले होते, डोंगर पिवळट, ढग नुसते येऊन जाणारे, पाणी पार खालच्या पायरीला. श्रावण असा नसतो म्हणून मी तो असायला हवा तसा रंगवला आणि घरी आले, आणि मग भाद्रपदात पुन्हा तिथं जायचं म्हटल्यावर पायच निघेना.

यात पाप काही नाही खरं तर. आपल्याकडे राजस्थानी आणि पहाडी चित्रशैलीत बारामासाची, म्हणजे बारा महिन्यांच्या कवितांवरची, चित्रं आहेत, त्यात भाद्रपद म्हटलं की काळे ढग आणि वीज ठरलेली, कारण तो कवितेतला महिना आहे, त्या वर्षी त्या गावात पाऊस पडला का हे कुणी विचारतच नाही. दुसरीकडे फ्रेंच चित्रकार मोने, १८९०-९१ मध्ये गवताच्या गंज्या काढत बसला, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा, पंचवीसेक चित्रं केली. दोन्ही रीती चांगल्याच, पण मी सांगत होते मोनेसारखं बघून काढतेय आणि करत होते बारामासा, तेही चोरून.

त्याच मे महिन्यात मेणवलीला गेले, नुसतं बघायला, आणि काय सांगू, वैशाख अजून संपला नव्हता आणि पाऊस धो धो. मुंबईत मान्सून २६ मेला पोचला ना यंदा, एरवी ११ जून धरतात. २०१५ च्या माझ्या वैशाखात डोंगर करपलेला आहे आणि यंदाच्या वैशाखात त्याच डोंगरावर पोपटी झाक. आता पंचांगाचं ऐकायचं की डोंगराचं?

भाद्रपदापासूनच पुढं जायचं ठरवलं. निदान कागद तरी जुना जुळावा म्हणून त्याच गठ्ठ्यातला उरलेला ३०० जीएसएमचा जाड ताव घेतला, आणि आकाशाचा पहिला वॉश टाकल्या टाकल्या त्यावर ठिपके उठले, जसं काही देवी आल्यात. दहा पावसाळे दमट माळ्यावर काढल्यावर कागदाची खळ मरते, मग रंग वर राहतच नाही, टिपकागदासारखा आत शोषला जातो. तो ताव फेकला. नवा घेतला, ट्यूबा दगड झाल्या होत्या त्या ब्लेडने उभ्या चिरून ओल्या केल्या, त्या मात्र चालल्या झकास. तेरड्यासाठी हात सवयीने ऑपेरा पिंककडे गेला, तोही उडणारा रंग, आणि मला एकटीलाच हसू फुटलं, तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात तो हाच. त्याऐवजी क्विनाक्रिडोन वापरला, तो टिकतो.

बसले. हवेत इतकी ओल की वॉश वाळता वाळेना, अर्धा तास झाला तरी कागदावर बोट ठेवलं की गार. तोवर घाटाच्या पायऱ्या मोजून पाण्याची रेघ मारून घेतली. शेजारी एक मावशी धुणं धूत होत्या, त्यांनी एकदम पिळे गोळा केले आणि ओरडल्या, "अवो बाई, उठा तिथनं, धरनातनं पानी सोडलंय." वरच्या अंगाला धोम धरण आहे, तिथून विसर्ग सोडला की इथं पाऊस नसला तरी नदी चढते. मी स्टूल उचलून मागं सरकले आणि बघत राहिले, समोर एक पायरी गेली, मग दुसरी, मी काढलेली रेघ केव्हाच पाण्याखाली. मग तिच्यावर आत्ताची दुसरी रेघ मारली. पहिली पुसली नाही, ती गढूळ पाण्याच्या रंगातून अजून दिसते.

जुन्या श्रावणाच्या पाठीवर पेन्सिलनं तारीख घातलीय आणि खाली लिहिलंय, बघून काढलेलं नाही. आता आश्विनाचा रविवार गाठायचाय, सहामाही परीक्षेचे पेपर तपासून झाले की. नमस्कार.