हात वाकला, आग राहिली

(दृश्य : पहाटेचं स्वयंपाकघर. गॅसवर चहा. एक माणूस डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट आवळून बसला आहे.)

दादाचा उजवा पंजा सुन्न आहे. त्यावर गरम चहा सांडला तरी त्याला समजत नाही, फोड आला की दिसतं. आणि त्याच पंजाची चोवीस तास आग आग होते. "मुठीत निखारा आहे आणि मूठ उघडता येत नाही," असं तो सांगतो. मधूनच करंट बसावा तशी कळ येते. बोलता बोलता तो थांबतो, डोळे मिटतो. कळ ओसरली की राहिलेलं वाक्य पूर्ण करतो.

मोटरसायकलवरून पडताना खांदा खाली दबला, मान उलट्या बाजूला ओढली गेली. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. त्यातली काही मुळं मज्जारज्जूतून उपटली गेली. म्हणून सर्जननी बरगड्यांमधल्या नसा वळवून दंडाच्या नसेला जोडल्या. नस वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. आम्ही महिने मोजत राहिलो.

(दृश्य : फिजिओथेरपीची खोली. दंडाचा क्लोज-अप.)

आठव्या महिन्यात दादाने खोल श्वास घेतला आणि दंडाचा स्नायू फुरफुरला. श्वासाची नस आता कोपर हलवत होती! आई तिथेच रडली.

आता कोपर वाकतं, मनगटाला पिशवी अडकवता येते. म्हणूनच लोक म्हणतात, "हात आला की! आता काय दुखतंय?" हा प्रश्न त्याला फार लागतो.

दुखणं पंजात नाहीच. मुळं उपटली तिथल्या मज्जारज्जूतल्या पेशींना हाताकडून काही कळेनासं झालं आणि त्या आपल्या आपणच पेटू लागल्या. मेंदूला वाटतं, हात जळतोय. अशा वेळी बाम काय करणार? आमच्या आत्याने मायेने शेक दिला, तर बधिर कातडी भाजली. कृपा करून असा हात शेकू नका.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात गोळीने नसा फाटलेल्या सैनिकांची अशी आग सायलस वेअर मिशेल या डॉक्टरांनी १८६४ सालीच लिहून ठेवली. ते सैनिक हात सतत ओला ठेवत.

साध्या दुखण्याच्या गोळ्या इथे फारशा लागू पडत नाहीत. दादाला नसांच्या दुखण्यासाठी प्रिगॅबालिन आणि अमिट्रिप्टिलीन ही औषधं आहेत. प्रिगॅबालिन फिट्सवरही देतात, अमिट्रिप्टिलीन नैराश्यावर. चिठ्ठी पाहून कुणी "डोक्याच्या गोळ्या" म्हटलं, म्हणून दादाने मध्यंतरी त्या बंद केल्या आणि चार रात्री बसून काढल्या. गोळ्यांनी आग विझत नाही, मंदावते. काही जणांसाठी मज्जारज्जूवर ड्रेझ नावाची, त्या पेटलेल्या पेशीच नष्ट करणारी शस्त्रक्रिया असते. पायात कमजोरी येण्याचा धोका असल्याने ती विचार करूनच करतात.

(दृश्य : संध्याकाळ. ओटीवर पाच-सहा मुलं, वह्या उघड्या.)

मन गुंतलं की कळा कमी जाणवतात, हे दादाला गणित शिकवताना उमगलं. आता तो रोज शिकवतो, डाव्या हाताने लिहून. मध्येच तो थांबतो. मुलं पेन खाली ठेवतात, कुणी काही विचारत नाही.

"हं, तर छेद समान करा."