तारली, खोली नंबर तीन

[दृश्य: देवबाग, जूनमधली सकाळ. पाऊस नुकताच थांबलाय.]

जून लागला की मालवणजवळचं देवबाग ओळखू येत नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. मे महिन्यात इथे गाडी उभी करायला जागा मिळत नाही. आता होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकल्यात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. म्हणजे बंदरावर बर्फ नाही, टोपल्या नाहीत, फेकलेली मुंडकी नाहीत. माणसांनी सुकट आणि खारे बांगडे भरून ठेवलेत. कुत्र्यांना ते सुचलेलं नाही.

काकींच्या होमस्टेला तीन खोल्या. पावसाळ्यात त्या रिकाम्या असतात, निदान कागदावर. काकी हसतात, "गिरायक नाय, मगे हीच माजी गिरायकां."

खोली नंबर तीनमध्ये पलंग उभा करून भिंतीला टेकवलाय. खाली गोणपाटं. त्यावर तीन कुत्री. काकी सगळ्यांना माशांची नावं देतात. दिसेल ते चावतो तो मोरी. चारी पाय पसरून जमिनीला चिकटतो तो लेपो. आणि त्या कोपऱ्यातली, बरगड्या मोजता येतील अशी, ती तारली.

चार पिल्लं कुणीतरी तांदळाच्या पिशवीत घालून बंदरावर सोडली होती. चारही माद्या. इकडे 'कुत्रो' हवा असतो, राखणीला. मादी नको, दर वर्षी पिल्लं कोण सांभाळणार? चारांतली ही एकच जगली. खरं तर प्राणी असा उपाशी मरायला सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. देवबागात एवढ्यात एक शहाळं मिळतं, तेही ओळखीचा असेल तर.

[दृश्य: काकींचे हात. तारलीचं तोंड.]

रोज सकाळी काकी तिचा वरचा ओठ उचलून बघतात. हिरडीवर अंगठा दाबायचा, सोडायचा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. तारली आली तेव्हा हिरड्या मुळातच चुन्यासारख्या होत्या. गोचिडाचा ताप. कोकणच्या दमट हवेत गोचीड कमी नाहीत, आणि त्यांच्यातून येणारा हा ताप रक्तच खातो. गोळ्या महिनाभर चालल्या. मग जंत, मग डिस्टेंपर आणि पार्व्होची लस, मग रेबीजची. अंगावर मांस धरल्यावर नसबंदी. तिच्या कानाच्या टोकाला ही जी छोटी खाच आहे, ती त्याचीच खूण. टाके सुकायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत काकी त्याच खोलीत चटई टाकून निजल्या. हे त्यांनी सांगितलं नाही, शेजारणीने सांगितलं.

काकी याला 'फोष्टर' म्हणतात. कुत्रं कायमचं त्यांचं नाही, आणि हा पिंजराही नाही. रस्ता आणि कुणाचं तरी घर यांच्यामधले काही आठवडे, पण घरातले. पंख्याचा आवाज, मिक्सर, पाहुण्यांची चप्पल, लहान मुलांचा आरडाओरडा, हे सगळं कुत्र्याला इथेच पहिल्यांदा भेटतं. आणि काकींना ते कुत्रं भेटतं. रस्त्यावरून थेट उचलून नेलेलं कुत्रं कशाला घाबरतं, हे तुम्हाला ते घाबरल्यावरच कळतं.

काकींकडे ते वहीत असतं. किराण्याच्या हिशेबाची लांबट वही, मागच्या बाजूने सुरू केलेली. तारलीचं पान असं आहे:

पेज आवडते. भात एकटा खात नाही. मासळीचा काटा काढून. हेल्मेट घातलेल्या माणसावर भुंकते, हेल्मेट काढलं की गप्प. विजेला घाबरत नाही. वाढवणीला घाबरते.

वाढवण म्हणजे हिरांची झाडू, इथे प्रत्येक घरात असते. काकींनी नुसती हातात घेतली तरी तारली कोपऱ्यात जाते आणि लघवी करते. कुणी, कुठे, केव्हा, ते वहीत नाही.

[दृश्य: खळ्यात, म्हणजे अंगणात, दोन खुर्च्या. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी.]

नारळी पौर्णिमेच्या आधी धामापूरच्या बाजूचे एक निवृत्त गुरुजी आले. भला माणूस. येताना भोपळा घेऊन आले होते. चहा झाला आणि काकींनी विचारलं, "ह्या रात्री खंय निजतला?"

"खळ्यात. साखळी हा मां चांगली."

"आदलो कुत्रो खंय गेलो?"

गुरुजी थोडा वेळ माडाकडे बघत राहिले. "वाघान व्हरलो."

वाघ म्हणजे इथे बिबट्या. रात्री खळ्यात बांधलेला कुत्रा त्याला वाढून ठेवलेल्या ताटासारखा. पळता येत नाही, घरात शिरता येत नाही. काकी म्हणाल्या, नाही देणार.

खरं सांगतो, कॅमेऱ्यामागे मला तेव्हा काकींचा राग आला. इतक्या लांबून आलेली म्हातारी माणसं, एवढ्या कौतुकाने भोपळा आणलेला. गावठी कुत्रीला घर मिळतंय आणि ही बाई पोलिसासारखी उलटतपासणी घेतेय. मी चित्रीकरण थांबवलं. त्यामुळे ते दोघं गाडीत बसतानाचं दृश्य या फिल्ममध्ये नाही. भोपळा मात्र काकींनी ठेवून घेतला.

नवव्या दिवशी गुरुजींचा फोन आला. पडवीला दार करून घेतलंय, बघायला या.

[दृश्य: पडवी. नवं दार.]

दार फणसाचं. खालच्या अर्ध्याला जाळी, आतून आडवा अडसर. सुताराने मजुरी घेतली नाही, त्याचाही कुत्रा गेल्या वर्षी गेला होता. काकींनी अडसर दोनदा लावून पाहिला, जाळीला खांदा लावून ढकललं, मग एकदा लाथही मारली. गुरुजींच्या पत्नी आतून म्हणाल्या, "आमका पन अशीच सून होयी होती."

चार दिवसांनी तारली गेली. रिक्षात काकी मागे तिच्याबरोबर बसल्या, मांडीवर खोली नंबर तीनमधलं गोणपाट, न धुतलेलं. ते मुद्दामच. नव्या जागी निदान वास तरी ओळखीचा हवा. पोचल्यावर तारली पडवीच्या बाकाखाली शिरली आणि दोन दिवस तिथेच राहिली. रात्री सगळे निजल्यावर पेज संपायची. तिसऱ्या दिवशी ती ओटीवर आली, अकराव्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्याच्या आत अजून नाही.

गुरुजींनी तिचं नाव बदलायचं ठरवलं होतं. 'सोनी'. हाक मारली तर ती ढिम्म. तारली म्हटलं की कान उभे. मग तेच राहिलं.

काकींनी वहीतलं ते पान फाडून दिलं होतं. गुरुजींनी ते भिंतीवरच्या कालनिर्णयला टाचणीने लावलंय. खाली आता त्यांचं अक्षर सुरू होतं, फळ्यावरचं, एका रेषेत:

२ तारीख. वाढवण बघून पळाली.

९ तारीख. पळाली. लघवी नाही.

१७ तारीख. सौ. अंगण झाडत होती. पळाली नाही. लांब बसून बघत होती.