ॲम्प्लिफायरचा पहिला वॉट

श्रोतेहो, नमस्कार.

घरच्या हायफायसाठी ॲम्प्लिफायर घ्यायला गेलं की दुकानात आवाज मोठा ठेवलेला असतो. तबला छातीत घुमतो आणि शंभर वॉटचं यंत्र आपल्याला लगेच पटतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे, तिथे आवाज खाली आणायला लावा. रात्री घरातली मंडळी झोपल्यावर ठेवाल, इतका खाली.

घरगुती स्पीकरची संवेदनशीलता साधारण ८७ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. बैठकीच्या खोलीत तो चांगलाच मोठा होतो. आपलं बहुतेक ऐकणं त्या पहिल्या वॉटच्या आतच चालतं. वीसचे चाळीस वॉट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. १९७८ साली आलेला नॅड ३०२० हा ॲम्प्लिफायर कागदावर जेमतेम २० वॉटचा होता, तरी जगभरच्या कानांनी त्याला डोक्यावर घेतलं.

आता हळू आवाजात तानपुरा लावा. पंचमात मिळवलेला, ज्वारी (घोडीवर तारेला मिळणारी झंकार) छान उघडलेला. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार उमटतो, तो येतोय का बघा. बहुतेक ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांत लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. त्यांच्या देवघेवीच्या जागी बायस, म्हणजे दोघांना किंचित चालू ठेवणारा प्रवाह, कमी पडला तर लहरीला खाच पडते. मोठ्या आवाजात ती खाच झाकली जाते, हळू आवाजात मात्र मूळ लहरच लहान असल्याने ती टोचते. गांधाराभोवती एक कोरडी खरखर येते, आणि गायकाच्या ‘आ’कारालाही किनार लागते. हा दोष एकदा कानाला कळला की पुढे लपत नाही.

याउलट ३००बी या व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळीचा, एकेरी ॲम्प्लिफायर घ्या; त्यात अख्खी लहर एकच व्हॉल्व्ह सांभाळतो. ताकद आठेक वॉट. त्यातही लहरीची विकृती असते, कागदावर तर जास्तच दिसते, पण ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराची. कान तिला परका मानत नाही. डग्ग्याची मींड मात्र त्यात थोडी सैल वाटू शकते. त्याचं कारण बरेचदा स्पीकरशी जमलेल्या जोडीत असतं. आठ ओहम रोधाचा म्हणवणारा स्पीकर कुठल्या स्वराला चार ओहम होतो, तर कुठल्या स्वराला वीस. व्हॉल्व्हचा स्वतःचा आउटपुट रोध जास्त असल्याने त्या चढउतारांबरोबर आवाजाचा तोलही हलतो. म्हणून मित्राकडे गोड वाटलेला ॲम्प्लिफायर तुमच्याकडे तसाच वाटेल असं नाही. तो घरी आणून, आपल्याच स्पीकरवर ऐकायला हवा.

दोन ॲम्प्लिफायर समोरासमोर ठेवाल तेव्हा आणखी एक पथ्य अत्यंत महत्त्वाचं. दोन्हींचा आवाज सारखा करा. किंचित मोठा असलेला ‘खुला’, ‘जिवंत’ वाटतो आणि आपण त्याचे गुण गाऊ लागतो. १०० हर्ट्झचा स्थिर स्वर लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर साध्या मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा आणि फरक एक टक्क्याच्या आत आणा. मग कुठला चालू आहे हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बदलू द्या, तुम्हाला न सांगता. विलंबित ख्याल निवडा, त्यात दोन मात्रांमधल्या शांततेलाही जागा असते. निवांत ऐका, घाईने कौल देऊ नका.