एकाच पत्त्याचे दोन माग

(दृश्य : अक्कलकोट रोडवरची शेड. आवाज आधी, चित्र नंतर.)

इथं बोलायचं तर ओरडावं लागतं. सोलापुरी टॉवेल विणणाऱ्या या शेडमध्ये जेकार्डचे, म्हणजे नक्षी विणणारे, दोन माग आहेत, दोन्ही सेकंडहँड घेतलेले. काचेच्या केबिनमध्ये एक लिनक्स कॉम्प्युटर आणि तो सांभाळणाऱ्या ताई. कॉम्प्युटरात दोन लॅन कार्डं, प्रत्येकातून एक केबल एकेका मागाकडे गेलेली. मोर असो की कोयरी, डिझाइन याच केबलमधून जातं.

दोन्ही मागांच्या कंट्रोलरला बनवणाऱ्यानं एकच पत्ता घालून दिलाय, १९२.१६८.१.१०. बदलायची सोय नाही.

मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरकाकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “ताई, दोन घरांना एकच नंबर. पोस्टमन कुणाकडं जाणार?”

जाणार एकाच्याच घरी. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सहसा रस्त्यांचा एकच तक्ता धरून चालतो. त्या पत्त्यासाठी तो एक कार्ड निवडतो आणि दुसरा माग असून नसल्यासारखा होतो.

(दृश्य : काळा स्क्रीन, लुकलुकणारा कर्सर.)

लिनक्स ज्याच्या वळणावर गेलं त्या युनिक्सचे लोक अभिमानानं सांगतात, आमच्याकडं सगळं फाइल आहे. डिस्क, टर्मिनल, प्रिंटर, सगळी ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये हजर. लॅन कार्ड मात्र तिथं शोधून सापडत नाही. १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीनं सॉकेट, म्हणजे प्रोग्रामनं नेटवर्कशी बोलायची खिडकी, आणले आणि नेटवर्कचा कारभार वेगळ्या दारानं सुरू झाला. पुढं बेल लॅब्जच्या प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टिमनं नेटवर्कही ‘नेट’ नावाच्या फोल्डरमध्ये फाइली करून मांडलं. फार देखणं काम, पण वापरणारे मोजकेच.

आता फाइलच नाही म्हटल्यावर तिच्यावर परवानगीचं कुलूप तरी कसं घालणार? लिनक्सनं कुलपाचा नाद सोडला आणि खोल्याच पाडल्या. नेटवर्क नेमस्पेस म्हणतात त्यांना. २००८च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ या आवृत्तीपासून त्या कर्नलमध्ये येऊ लागल्या. खोलीत ज्याची-त्याची कार्डं, ज्याचे-त्याचे पत्ते, रस्त्यांचा तक्ताही वेगळा. एक कार्ड एका वेळी एकाच खोलीत राहतं.

ताईंनी दुसरं कार्ड ‘माग-दोन’ नावाच्या खोलीत ढकललं. बाहेरच्या यादीतून ते त्याच क्षणी गेलं. जाताना आपला पत्ताही विसरलं, तो पुन्हा द्यावा लागला.

गंमत पुढंच आहे. खोलीला नाव दिलं की ‘रन’ फोल्डरमध्ये ‘नेटएनएस’खाली त्या नावाची एक फाइल उगवते. समोरून हाकललेली फाइल मागच्या दारानं परत! प्रोग्राम ती उघडतो, ‘सेटएनएस’ ही कर्नलला मारायची हाक देत आत जातो, सॉकेट तयार करतो आणि बाहेर येतो. सॉकेट मात्र जन्मला त्याच खोलीचा राहतो. त्यामुळं एकाच प्रोग्रामच्या हातात दोन्ही मागांची दोरी येते.

(दृश्य : टॉवेलचा काठ, अगदी जवळून. अर्ध्यात तुटलेली कोयरी, पुढं मोराची मान.)

हा टॉवेल ताईंनी मुद्दाम जपून ठेवलाय. ‘सेटएनएस’ अख्ख्या प्रोग्रामला आत नेत नाही, फक्त हाक मारणाऱ्या थ्रेडला नेतं. थ्रेड म्हणजे सुताचा धागा नव्हे, प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक. ताईंचा एक थ्रेड खोलीत गेला आणि सॉकेट उघडला बाहेरच्या दुसऱ्याच थ्रेडनं. पत्ता तोच, त्यामुळं समोरून उत्तरही आलं. ते दिलं पहिल्या मागानं. स्क्रीनवर एरर नाही, लॉगमध्ये सगळं हिरवं, आणि कोयरीच्या मागावर मोर.

“मशीन खोटं बोललं नाही,” ताई हसतात, “मीच विचारलं चुकीच्या दारात उभं राहून.” आता सॉकेट उघडेपर्यंत त्या थ्रेडला जागचं हलू देत नाहीत. शिवाय डिझाइन पाठवण्याआधी कंट्रोलरचा सिरियल नंबर वाचून बघतात. माझ्या मते खरी दुरुस्ती ही दुसरी.

(दृश्य : दिवे जातात. माग थांबतात. पहिल्यांदाच शांतता.)

लाइट गेली की खोल्याही जातात. त्या मेमरीतच असतात, डिस्कवर काही उरत नाही. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला की दोन्ही कार्डं परत एकाच अंगणात, आणि एक छोटी स्क्रिप्ट भिंती पुन्हा उभारते.

जॉबरकाकांना इंग्रजी वाचता येत नाही. केबिनच्या काचेवर त्यांनी खडूनं दोन रेघा मारून ठेवल्यात. स्क्रीनवर दोन ओळी हिरव्या झालेल्या दिसल्या, की मगच ते मागाच्या बटणाला हात लावतात.