सुशीत बघायचा तो भात

नमस्कार. 'सुशीच्या हॉटेलात गेल्यावर काय बघावं' हा आजचा विषय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: भात बघावा. सुशी म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "मासा कच्चाच असतो का हो?" पुढच्या रांगेतल्या काकूंच्या चेहऱ्यावर मला तो आत्ताही दिसतोय. असतो, बऱ्याचदा असतो. पण उकडलेली कोळंबी असते, अंड्याचं गोडसर आमलेट असतं, आणि काकडीचा रोल तर एकादशी सोडून कधीही चालेल! एकादशी का सोडायची? कारण या सगळ्यात भात आहे. व्हिनेगर, मीठ, साखर लावलेला भात. तो नसेल तर त्या पदार्थाला जपानी माणूस सुशी म्हणतच नाही.

गंमत अशी की मुळात हा भात टाकून देत. मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवायचा, खायचा फक्त मासा. जपानातल्या बिवा सरोवराच्या काठी फुनाझुशी नावाची सुशी आजही अशीच करतात. त्याचा वास... असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. पुढे भात खाऊ लागले, आंबवणं कमी होत गेलं, आंबटपणा व्हिनेगरमधून येऊ लागला. १८०४ साली हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन या साके, म्हणजे तांदळाची दारू, करणाऱ्या माणसाने साकेच्या चोथ्यापासून व्हिनेगर काढलं. ते स्वस्त, लालसर व्हिनेगर जहाजांनी एडोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाऊ लागलं. तिथे १८२०च्या दशकात हाताने वळून लगेच हातावर ठेवायची सुशी रुळली. हानाया योहेईचं नाव तिच्याशी जोडलं जातं. घाईत असलेल्या माणसाचं गाडीवरचं खाणं होतं ते!

आता माझी तक्रार. पुण्यातल्या एका चकचकीत हॉटेलात आम्ही गेलो होतो. ताट आलं. सामन असा चमकत होता की बघत राहावं. घास तोंडात घातला आणि दाताखाली भाताची कणी न्‌ कणी वेगळी लागली. टणक, गारढोण. वेटरला विचारलं, तर तो बिचारा अभिमानाने म्हणाला, "सर, सकाळीच करून फ्रिजमध्ये ठेवतो, फ्रेश राहतात." त्याच्यावर मी कशाला रागवू? त्याला तसंच शिकवलेलं. पण ज्याने शिकवलं त्याला मला विचारायचंय: तुमच्या घरी रात्रीचा भात सकाळी फ्रिजमधून काढून तसाच वाढतात का? फोडणीला टाकतात! भातातला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट होतो, तो गरम केल्याशिवाय मऊ होत नाही. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला हे ठाऊक आहे. सुशीला फोडणी देता येत नाही, म्हणून तिचा भात फ्रिजमध्ये जाताच कामा नये. तिकडे तो लाकडी परातीत काढतात, उलथन्याने कापल्यासारखा हलवतात, पंख्याने वारा घालतात आणि अंगाइतका कोमट असतानाच वळतात. मासा थंड, भात कोमट. सगळी मजा त्या फरकात आहे.

यासाठी महागडं हॉटेलच लागतं असंही नाही. ओसाकाजवळच्या शिराइशी योशिआकींनी बिअरच्या कारखान्यातला सरकता पट्टा पाहिला आणि १९५८मध्ये तसाच पट्टा आपल्या दुकानात बसवला. बशा फिरत येतात, हवी ती उचला. साध्या कुटुंबांना सुशी परवडू लागली ती अशा दुकानांमुळे. मी तर म्हणतो, त्या माणसाचं...

काय? पाचच मिनिटं? बरं, मग भराभर सांगतो.

शक्यतो काउंटरवर बसा, म्हणजे वळल्यावर घास लगेच समोर येतो. आला की खा, फोटो नंतर. हाताने खाल्लं तरी चालतं, जपानातही खातात. सोया सॉसमध्ये माशाची बाजू टेकवा. भात बुडवलात तर तो सॉस पितो आणि घास सुटतो. आलं दोन घासांच्या मध्ये खायचं, वर ठेवून नाही. हिरवा वासाबी, म्हणजे सोबत येणारा तो झणझणीत लगदा, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश या तिखट मुळाला रंग लावलेला असतो, त्यामुळे जपून. आणि ऑर्डर देण्याआधी विचारा, "भात कधी केलाय? फ्रिजमध्ये होता का?" दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकरावं येण्याआधी स्वयंपाकघरात कुकर चढेल. काकू, आता तुमचा माशाचा प्रश्न घेऊ.