मूठ

(दृश्य: ओसरी, दुपार. सूप, ज्वारी, म्हातारा हात.)

दळण निवडून झालं की आजी सुपातून मुठी काढतात. घरात जितकी माणसं, तितक्या. ज्वारी कोनाड्यातल्या बिस्किटाच्या जुन्या डब्यात पडते. हात थबकत नाही, तोंडानं काही पुटपुटणं नाही. चित्रणाला उजेड कमी पडला म्हणून आम्ही त्यांना हेच पुन्हा दोनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "बापूहो, घरातली माणसं वाढवून राह्यले तुम्ही." पण डब्यात गेलेलं त्यांनी माघारी काढलं नाही.

जालना जिल्ह्यातलं हे गाव. नाव सांगत नाही, मंडळीनं तशी विनंती केली आहे. मंडळी म्हणजे इथलं ख्रिस्ती कुटुंबांचं चर्च. इमारतीला मंदिर म्हणतात आणि पत्र्याखाली जमलेल्या माणसांना मंडळी. यातला फरक इथल्या पोरांनाही पाठ आहे.

(दृश्य: लिंबाचं झाड, टांगलेला रुळाचा तुकडा.)

घंटा नाही. लिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय, त्यावर बोल्ट हाणला की उपासना सुरू.

(दृश्य: निळं पिंप, मापटं, वही.)

रविवारी दाराशीच हे निळं पिंप असतं. बाया घरून आणलेले मुठींचे डबे त्यात रिकामे करतात. एक जण मापट्यानं मोजतो, दुसरा वहीत मांडतो. कुणाच्या डब्यात किती होतं ते लिहीत नाहीत, फक्त एकूण. आम्ही विचारलं, असं का? मोजणारे म्हणाले, "नावं लिहिली की पुढच्या रविवारी चार घरं येणार नाहीत." या माणसाला कुठल्या संस्थेनं हिशोबाचं प्रशिक्षण दिलेलं नाही. ज्यांनी घेतलंय, त्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं.

आता वहीतली अक्षरं नीट पाहा. दोन वळणं आहेत. एका रविवारी एक हात, पुढच्या रविवारी दुसरा. मधली दोन वर्षं ही मंडळी दोन बाजूंत फाटली होती. भांडण कशावरून, हे कॅमेऱ्यासमोर कुणी बोललं नाही. वडिलांची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांची, बैठक झाली तेव्हा आम्हाला बाहेर चहा देण्यात आला, त्यामुळे त्या बैठकीचं चित्रण आमच्याकडे नाही. एवढं कळलं की एक बाजू उपासनेला सकाळी यायची, दुसरी दुपारी. पिंप मात्र एकच राहिलं. सकाळच्या बायांनी टाकलेल्या ज्वारीवर दुपारच्या बाया टाकत होत्या. मापायचं काम पाळीनं वाटून घेतलं, तेही बायांनीच ठरवलं. वडिलांनी नंतर मान डोलावली.

(दृश्य: पाळक वाचताना, मग लोक.)

पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, त्या रविवारी बायबलमधलं पत्र घेतलं, प्रेषित पौलानं ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेलं. शरीर एक, अवयव पुष्कळ. एक दुखावला तर सगळेच दुखावतात. करिंथच्या मंडळीतही गट पडले होते, म्हणून तर ते पत्र. मागच्या सतरंजीवरच्या एक मावशी शेजारणीला कोपरानं ढोसतात, ते चित्रात आलंय. कुणाकडे बघून ढोसतात, ते नाही आलं.

जुना इतिहास चित्रात दाखवण्यासारखा फार नाही, म्हणून थोडक्यात. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे जालन्यात आले आणि शहराजवळ त्यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती उभी केली. निजामाच्या राज्यातली ही गोष्ट. बेथेल म्हणजे देवाचं घर. गावकुसाबाहेरच्या लोकांना तिथं राहायला जागा, डोक्यावर छप्पर मिळालं. या भागातल्या पुष्कळ मंडळ्या आपलं मूळ तिथवर नेतात. नंतर वेगवेगळी मिशनं, वेगवेगळ्या पद्धती आल्या. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झालं. कागदावर एकी तिथं झाली. इथं ती दर रविवारी मापट्यानं मोजून घ्यावी लागते.

(दृश्य: हंगामाचा सण. टेबलावर माल. आवाज वाढवा.)

आणि हा हंगामाचा सण. दसऱ्यानंतरचा रविवार धरतात, कारण त्यापुढे निम्मी मंडळी ऊसतोडीला जाते. सोयाबीन निघालेलं असतं, बाजरी घरात आलेली असते. टेबलावर बघा: गाठोड्यात सोयाबीन, मोसंब्या, सहा अंडी, पाय बांधलेला कोंबडा, शेपूची जुडी, एका मुलीनं विणलेलं तोरण आणि मधोमध हे डांगर. प्रार्थना झाली की लिलाव. आमच्याकडे या लिलावाचं पाऊण तासाचं चित्रण आहे, आणि त्यातलं काय कापावं हेच कळेना.

डांगराची बोली वीस रुपयांपासून. पुकारणारा मंडळीच्या तरुण संघातला, आवाज बाजार समितीतल्या हमालासारखा. ऐंशी, शंभर, एकशे दहा. एकदा, दोनदा, तीनदा. सकाळच्या बाजूच्या एका वडिलांनी घेतलं, पैसे मोजले, डांगर उचललं आणि... परत टेबलावर ठेवलं. रीतच आहे ती: ज्याला परवडतं त्यानं विकत घ्यावं आणि पुन्हा अर्पण करावं. पुन्हा बोली. या वेळी दुपारच्या बाजूच्या एकानं चढवली. घेतलं, परत ठेवलं. मग पुन्हा पहिल्याकडून. लोक हसायला लागले, कोंबडा ओरडायला लागला. चौथ्या खेपेला दोघंही एकाच वेळी हात वर करून उभे, आणि पुकारणारा गप्प. पुढचं तुम्ही बघताच आहात. आम्ही इथं काही बोलत नाही.

(दृश्य: अकरा सेकंद, निवेदन नाही.)

डांगर पाचव्यांदा विकलं गेलं ते एका विधवा बाईच्या दहा रुपयांना. त्यावर कुणी बोली लावली नाही.

पैशांचं काय होतं? दवाखान्याची वारी, गाडीभाडं, शाळेची फी, एखाद्या घरी माती झाली तर तिथला खर्च. पिंपातली ज्वारी जाते ती मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या घरी. धर्मांतर केलेल्या ख्रिस्ती दलितांना 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्या आदेशात शिखांचा समावेश 1956 मध्ये झाला, बौद्धांचा 1990 मध्ये. सवलतीच्या फॉर्मपुढं ही माणसं थांबतात, मग पिंपाकडे वळतात.

(दृश्य: पहाट, ट्रक. भांडी, गोधड्या, शेळी, माणसं.)

कोयते निघाले. इथं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत परत येणं नाही. म्हणजे नाताळ फडातच. हा मुलगा आजीजवळ राहतोय, तिसरीत आहे.

(दृश्य: नाताळची संध्याकाळ. दारावर कागदी चांदणी. मोबाईल.)

डिसेंबरात आम्ही एकच कॅमेरा घेऊन परत आलो. मंदिरात निम्म्या सतरंज्या गुंडाळलेल्या. आजीच्या मोबाईलवर मुलाची आई, मागं ऊस आणि अंधार. चित्र अडकत अडकत येतं. ती विचारते, "जेवला का?" मग, "शाळेत जातो ना?" मग आणखी काहीतरी, ते नीट ऐकू येत नाही. मुलगा उत्तर देत नाही. मोबाईल फिरवतो आणि कोनाड्यातला डबा दाखवतो. झाकण काढून.

"आता दोघांच्याच मुठी हायेत," आजी मागून म्हणतात. "त्याची बारीक पडते."