कणा असलेली मंडळी

(पहाट. पैठणजवळ नाथसागराचा काठ.)

होड्या काठाला लागल्या, जाळी उतरली. रोहू आहे, कटला आहे, चिलापी तर ढिगानं. मधूनच एखादी मरळ. आणि ही लांबलचक, टोकदार तोंडाची वाम. नवखा माणूस हिला पाहून दोन पावलं मागं सरतो, कारण साप वाटतो. जरा जवळून बघा. पाठीवर बारीक काट्यांची रांग आहे, डोक्यामागं कल्ले आहेत. वाम मासाच आहे.

नुसत्या रूपावर जावं तर डोळा असा फसतो. म्हणून प्राणिशास्त्र आधी शरीराच्या आत बघतं. पाठीला कणा आहे का? याच जाळ्यात आलेले झिंगे आणि खेकडे इथंच बाद झाले. जगात प्राण्यांच्या जेवढ्या जाती ठाऊक आहेत, त्यात कणा असलेल्या शंभरात पाचही भरत नाहीत. बाकी सगळा पसारा किडे, गोगलगायी, गांडुळं यांचा.

शाळेच्या पुस्तकात या कणेवाल्यांची पाच घरं असतात: मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी आणि सस्तन.

(पावसाळा. शेताच्या बांधालगत साचलेलं पाणी.)

मृगाचा पाऊस दणकून पडला, की हे सोनेरी पिवळे बेडूक बाहेर येतात. एरवी रंग मातकट हिरवा. विणीच्या दिवसांत नर असा हळदीनं माखतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतो आणि रात्रभर डरावतो. अंड्याला कवच नाही, म्हणून ते पाण्यातच घालावं लागतं. पिल्लाला कल्ले, मोठ्याला फुप्फुसं, शिवाय ओल्या कातडीतूनही श्वास. पाणी आटलं की गडी जमिनीत गाडून घेतो. मराठवाड्याचा उन्हाळा त्याला दुसरी सोय ठेवत नाही.

घोरपडीला ही अडचण नाही. कातडी कोरडी, खवल्यांची, अंड्याला आवरण. पाण्याची ताबेदारी सुटली आणि उघडा माळ तिचा झाला. धामणीला पाय नाहीत, पण मणके शेकड्यांनी.

(हिवाळा. जायकवाडी पक्षी अभयारण्य.)

1986 साली अभयारण्य झालेल्या या पाणथळीत थंडीत रोहित येतात, चक्रवाक येतात. पिसं आणि चोच दिसली, की पक्षी ओळखायला शास्त्र लागत नाही. गंमत पुढं आहे. मगरीचं हृदय पक्ष्यासारखंच चार कप्प्यांचं असतं आणि आज हयात असलेल्या प्राण्यांत तिचं सगळ्यात जवळचं नातं पक्ष्यांशी आहे, घोरपडीशी नाही. तेव्हा ही पाच घरं शिकायला सोयीची आहेत, पण रक्ताच्या नात्याचा हिशेब त्यात बसत नाही.

(संध्याकाळ. गावाबाहेरचा वड, फांद्यांना उलटी लटकलेली वटवाघळं.)

हे उडतं, तरी पक्षी नव्हे. अंगावर केस, तोंडात दात, बाहेर आलेले कान. पंख म्हणजे लांबलेल्या बोटांवर ताणलेली कातडी. मादी पिल्लाला जन्म देते, दूध पाजते. 1758 साली स्वीडनच्या कार्ल लिनियसनं याच दुधावरून या सस्तन गटाला नाव दिलं आणि तोवर माशांत मोजलेला देवमासाही त्यात आणला.

आता सस्तनांची मान मोजू. वटवाघळाच्या मानेत सात मणके. धाराशिवकडच्या उस्मानाबादी शेळीच्या मानेत सात, आणि तिच्यामागं काठी घेऊन चालणाऱ्या माणसाच्याही सात. जिराफाची मान एवढी उंच, पण मणके तेवढेच, फक्त एकेक लांबलचक. या नियमाला न जुमानणारे दोनच: झाडाला लटकणारा स्लॉथ आणि पाण्यात चरणारी मॅनेटी.